सुभेदारांच्या गाडीतला हीटर

मे महिन्यातल्या भर दुपारी मला गाडीत बसवायचं, कापडी टप ओढून काचा वर करायच्या आणि वरून हीटर सुरू करायचा, हा उद्योग करणारा माणूस माझा शत्रू नव्हता, शेजारी होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ऐकणाऱ्यांचा गैरसमज होतो.

"कुलकर्णी, काचंवर श्वास सोडा," सुभेदार बाहेरून सांगायचे. "तोंडानं. नाकानं नगं."

मी इमानेइतबारे तोंडाने श्वास सोडायचो. पण साताऱ्याच्या उन्हात काच माझ्यापेक्षा जास्त तापलेली असायची, तिच्यावर वाफ कसली धरते? मग सुभेदार थोडा वेळ विचार करायचे, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून काचेवर बाहेरून ठेवायचे आणि उकळत्या पाण्याचा टोप आत माझ्या पायाशी आणून ठेवायचे. वर बर्फ, खाली वाफ आणि मधे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला मी.

"आता झालं पौषातलं हवामान," असं समाधानाने म्हणून ते हीटरचं बटण दाबायचे. "रिपोर्ट द्या."

माझा रिपोर्ट बहुधा एकच असायचा, की मला बाहेर काढा.

सुभेदार म्हणजे हणमंतराव शेडगे. गाव कोरेगावकडचं. सगळी नोकरी लष्करातल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली, त्यातली बरीच बर्फात. निवृत्तीनंतर गोडोलीत आमच्या शेजारी घर बांधलं. बायको शालनवहिनी, मुलगा परदेशी. उंची बेताची, मिशी मोठी आणि खिशात कायम एक पाना. हा पाना ते कुणाला उसना देत नाहीत. तुमचा नळ गळत असेल तर स्वतः येतील, दुरुस्त करून देतील, पण पाना हातातून सोडणार नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे कुठे दिसेनात. शोधलं तर कार्यालयामागे जनरेटरखाली पाय तेवढे बाहेर. "आवाज बरा न्हाई त्याचा," म्हणाले. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

"जमणार नाही" हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. लगेच मान वाकडी करून विचारतात, "न्हाई म्हंजे काय?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे.

आता गाडीबद्दल. ती आहे जुनी विलायती, दोनच सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. आत शिरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं आणि बाहेर पडताना कुणीतरी हात द्यावा लागतो. पाचगणीच्या एका म्हाताऱ्या बंगलेवाल्याच्या शेडमध्ये ती गंजत पडली होती. सुभेदारांनी ती चालू करून दिली, तेव्हा तो म्हणाला, आता तूच घेऊन जा, मला काही यातून उतरता येत नाही.

या गाडीतून सुभेदार आणि शालनवहिनी वर्षातून एकदा ठरलेली सहल करायचे. वहिनींचं माहेर मेढ्याच्या पुढे, जावळीच्या डोंगरात. पौषात त्यांच्या भावाकडे धुंधुरमासाचं जेवण असतं. सूर्य उगवायच्या आत पानावर बसायचं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, मुगाची खिचडी. म्हणजे साताऱ्यातून अंधारातच निघायला हवं, आणि त्या वेळी कण्हेर धरणाच्या बाजूने धुकं असं असतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. त्यात कापडी टपाखाली दोघांचा श्वास कोंडलेला, समोरची काच थंडगार. क्षणात आतून पांढरी होते. हीटर होता, पण नावाला. त्यातून हवा यायची ती लांबून कुणी उसासा टाकावा तशी. त्यामुळे सुभेदार चालवायचे आणि शेजारी बसून वहिनी उजव्या हाताने काच पुसत राहायच्या. साताऱ्यापासून माहेरच्या दारापर्यंत. शिवाय तोंडाने सूचना चालूच. "आवं, डावीकडं घ्या. बैलगाडी हाय म्होरं." सुभेदारांना रस्ता दिसायचा तो वहिनींनी पुसला असेल तेवढाच.

मग दोन वर्षांपूर्वी वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. पाय हळूहळू चालायला लागला, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात काही हलेना. त्या वर्षी भावाचा फोन आला, धुंधुरमासाला या म्हणून. मी तिथेच बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "म्या न्हाई येत. माजा हात चालंना. काच कोन पुसनार?"

सुभेदार उठले आणि तडक गाडीकडे गेले. काच आपोआप पुसली गेली की प्रश्न मिटला, असा त्यांनी अर्थ घेतला. पुढच्या पौषात शालनला त्याच गाडीतून माहेरी न्यायचं, हे तिथेच ठरलं.

"माझ्या गाडीतून जाऊ की सगळे," मी म्हणालो. "एसी आहे, हीटर आहे."

"तुमची गाडी ऑफिसला जायाला ठीक हाय," सुभेदार म्हणाले. मी निवृत्त आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मग सुरू झालं ते हीटरपर्व. पहिल्यांदा त्यांनी जुना पंखा काढून एका भंगारातल्या जीपचा दांडगा पंखा बसवला. चाचणीला अर्थातच मी. बटण दाबताच काचेखालच्या फटींतून जे बाहेर आलं ती हवा नव्हती. बंगलेवाल्याच्या शेडमधल्या उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली भुईमुगाची टरफलं होती. ती माझ्या तोंडावर, चष्म्यावर, शर्टात गेली. सुभेदार डोकं आत घालून म्हणाले, "बघा, जोर हाय का न्हाई?"

मग आतली पाणी फिरणारी जाळी बदलायची ठरली. इंजिनातलं गरम पाणी या जाळीतून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, हवा गरम होते. एवढं शास्त्र ऐकून ऐकून आमच्या हिलासुद्धा पाठ झालं. रेडिएटरवाला म्हणाला, एवढ्याशा डब्यात एवढी मोठी जाळी मावणार नाही. त्याला बिचाऱ्याला सुभेदारांचा प्रश्न माहीत नव्हता. संध्याकाळपर्यंत जाळी मावली होती.

तरीही काच मधेच तेवढी साफ व्हायची, कडा पांढऱ्याच. हवा दोन्हीकडे सारखी वाटली जायला मधे एक पोकळ, गोलसर भांडं हवं होतं. पत्र्याचं केलं तर ते खडखडायचं. प्लॅस्टिकचं केलं, ते वितळलं. दोन दिवस सुभेदार जेवले नाहीत नीट.

त्याच सुमाराला वहिनींना मिरजेला तपासायला न्यायचं होतं. मीही सोबत गेलो. वहिनींचा व्यायाम चालू असताना आम्ही सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतून चक्कर मारत होतो. एका दुकानापुढे वाळलेले भोपळे टांगले होते. सुभेदार जे थांबले ते हलेनात. भोपळ्यावर टिचकी मारली, आत बोट फिरवलं, वास घेतला.

"तंबोरा शिकताय का?" दुकानदार म्हणाला.

"न्हाई. हीटर करतोय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. दवाखाना जवळच आहे, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याचा आजा, पणजा याच गल्लीत भोपळ्यातून सूर काढत आले होते. मी त्याला बाजूला घेऊन वहिनींच्या हाताचं, धुंधुरमासाचं, सगळं सांगितलं. ऐकून तो आत गेला आणि कडेला चीर गेलेला, सतारीला न चालणारा एक लहान भोपळा घेऊन आला. चीर स्वतः सरसाने बुजवून दिली. "उष्णतेनं काही होत नाही याला," म्हणाला. "पण धक्का लावू नका."

भोपळा बसला. दोन बाजूंना दोन नळ्या, मधे भोपळा, मागे जीपचा पंखा. गणपतीनंतरच्या एका पावसाळी सकाळी मी काचेवर पोटभर श्वास सोडला, काच पांढरी केली, आणि सुभेदारांनी बटण दाबलं. खालून दोन्हीकडून काच स्वच्छ होत वर आली. मी खरोखरच टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी मला बाहेर ओढून काढलं आणि पहिल्यांदाच रिपोर्ट मागितला नाही.

पौष आला. वहिनी आधी नाहीच म्हणत होत्या, पण "तुला काय बी करायचं न्हाई, नुसतं बसायचं," असं सांगून सांगून सुभेदारांनी त्यांना तयार केलं. अंधारातच त्यांना शालीत गुंडाळून गाडीत उतरवलं. मागून आमच्या गाडीत मी आणि आमची ही. काही झालं तर असावेत, म्हणून आमंत्रण.

कण्हेर मागे पडलं आणि धुकं आलं. सुभेदारांची गाडी झकास चालली होती. इतक्यात ती कडेला थांबली. सुभेदार उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मी टॉर्च घेऊन धावलो. इंजिनावर एक पितळी कॉक आहे. तो उघडा असला की गरम पाणी हीटरकडे जातं. इतक्या महिन्यांत मलाही ते कळायला लागलं होतं. सुभेदार खिशातला पाना काढून तो कॉक बंद करत होते. घट्ट.

"अहो, हे काय करताय?" मी म्हणालो. "हीटर बंद होईल."

"हळू बोला," ते म्हणाले. टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरलेला होता. "निघाल्यापास्नं एक शबुद बोलली न्हाई, कुलकर्णी. डावीकडं घ्या न्हाई, हळू चालवा न्हाई. काच लख्ख, आन ही मांडीवर हात ठिवून बसलीया, पावन्यावानी." त्यांनी पाना खिशात टाकला. "तिला काच पुसायला दुसरं कुनी नगं होतं, तिलाच पुसायची होती. मलाच समजलं न्हाई."

 उन्हाळाभर मी त्या गाडीत शिजलो होतो, पण त्या क्षणी मला हा माणूस इतका आवडला की मी नुसता त्यांचा खांदा दाबला.

सुभेदारांनी बॉनेट आपटलं आणि मोठ्याने म्हणाले, "गेला बघ हीटर. आता आलं का संकट."

पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या मागे होतो. मागच्या लहानशा खिडकीतून माझ्या दिव्यांच्या उजेडात वहिनी दिसत होत्या. अंगच सुभेदारांकडे वळवून डाव्या हाताने काच पुसत होत्या. हात नीट पोहोचत नव्हता, मधेच थांबत होता, पुन्हा जात होता. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालली होती, आणि बंद काचांमधूनही वहिनींचं बोलणं चाललेलं कळत होतं, कारण सुभेदारांची मान सारखी हलत होती.

पोहोचलो तेव्हा उजाडून गेलं होतं. पानं थांबवून ठेवली होती. वहिनींचा भाऊ लोण्याचा गोळा वाढता वाढता म्हणाला, "दाजी, वरीसभर हीटर करत हुता म्हनं? लय गाजलाय इथवर."

"कसला हीटर," वहिनी म्हणाल्या. डाव्या हाताने भाकरी मोडत होत्या, गाल थंडीने लाल झाले होते. "अर्ध्या वाटंत बंद पडला. म्या काच पुसली म्हनून पोचलो."

सगळे सुभेदारांकडे बघून हसले. मी तोंड उघडणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय," भाकरीवर लोणी पसरत ते म्हणाले. "हिनंच आनलं."