बदलाच्या अक्षता

सॉफ्टवेअरमध्ये बदल होणार हे कळवायला दारोदार अक्षता घेऊन फिरणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे परब मास्तर.

गोव्यात, पेडण्याला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आम्ही चौघांनी संगणकावर मराठी-कोकणी टंकायचा प्रोग्राम केला होता. फुकट, कोडही सगळ्यांना खुला. पुढे त्यात काय येणार, काय जाणार, ते मी वेबसाइटवर टाकायचो. इंग्रजीत. मास्तर भडकायचे.

"पाटयेर चिकटयलें म्हणजे सांगलें? लग्नाचें आमंत्रण कोण अशें दिता? घरा वचून सांगूंक जाय!"

म्हणजे घरी जाऊन सांगायला हवं. मग पहिला नारळ ग्रामदेवतेला, आणि मास्तर बसने निघाले. अर्ज टंकणारे, देवस्थानच्या कमिट्या, थेट सुर्ल्यापर्यंत. कोकणी-मराठीच्या वादावरून एकमेकांचं तोंड न पाहणारी घरंही ते एकाच फेरीत करायचे. उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता. "फुडल्या वर्सा फाँट बदलतलो. सगळ्यांनी येवचें." कुठे यायचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मला मात्र कधी अक्षता नाहीत. एकदा चिडून विचारलं. माझ्यावरच खेकसले, "घरच्याक कोण आमंत्रण दिता रे?"

घरी ते एकटेच.

त्यांच्या विद्यार्थ्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली. अक्षरांची ती मांडणी प्रोग्राममध्ये राहणार, असा शब्द मी मास्तरांना दिला आणि त्यांनी तो घरोघर पोचवला. दोन महिन्यांत आम्ही ती मांडणीच काढून टाकली. सांभाळायचा कंटाळा, दुसरं काय! वेबसाइटवर एक ओळ खरडली. मास्तरांचं घर चार पावलांवर; गेलो नाही. ओरडले असते.

लोकांनी नवी आवृत्ती घातली आणि 'क' दाबला की भलतंच उमटू लागलं. ऐन जत्रेच्या पत्रिकांच्या वेळी. सगळे मास्तरांवर तुटून पडले. "म्हाताऱ्याक भ्रम जाला!" बाजारात मला कोणी विचारलं, तर मी नालायक म्हणालो, "मास्तरांच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

त्यानंतर अक्षता बंद झाल्या. मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत.

मास्तर वारल्यावर सुर्ल्याला देवस्थानच्या कारकून बाई भेटल्या. म्हणाल्या, "मास्तर परत येऊन गेलेले हो. प्रत्येक दारात हात जोडून. म्हणाले, 'चूक म्हजी. घरच्यान म्हाका वेळार सांगिल्लें, हांवच विसरलों.'"

बाई, आणि बाकी सगळ्यांनीच वाचा. घरच्याने सांगितलं नव्हतं.