आकांक्षाचा पंप आणि आजीचं पिंप

"त्यात काय एवढं? दोन पाइप, एक प्लग! प्लंबर कशाला? पंप मी बसवणार!"

रविवारी सकाळी घावण्यांचा तिसरा हप्ता चालू असताना आकांक्षा परबने ही घोषणा केली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की त्यावर अख्ख्या घोडपदेवचे दिवे लागले असते!

झालं होतं काय, की रामजी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि सगळे चाळकरी त्यात राहायला आले. परबांच्या नशिबी आला शेवटचा मजला. डोक्यावर गच्ची, गच्चीवर टाकी. टाकी इतकी जवळ, की पाण्याला जोर घ्यायला जागाच नाही! परीक्षेच्या दिवशी मुलं वर्गात शिरतात ना, तसं ते शॉवरमधून यायचं. एकेक, आणि नाइलाजाने. म्हणून पाण्याचा जोर वाढवणारा छोटा पंप घरात येऊन पडला होता.

आता खरी गोष्ट सांगते. आकांक्षाला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता, आणि पप्पांच्या डोक्यात कॉमर्स घट्ट बसलं होतं. पप्पा म्हणजे अजित परब. शब्दाचे पक्के, पण शब्द मिळणं कठीण. त्या दिवशी मात्र ते फसले.

"बसवून दाखव," ते शर्टाची बटणं लावत म्हणाले. "नळ उघडला की पंप चालू, नळ बंद केला की पंप बंद. मी दादरच्या साखरपुड्याहून येईपर्यंत असा चालला, तर डिप्लोमा. नाहीतर गपचूप कॉमर्स!"

"डन!" आकांक्षा ओरडली. पप्पा दादरला गेले आणि ती पाना घेऊन बाथरूमच्या माळ्याकडे सरसावली.

"अगं, शॉक लागेल!" आईने स्टूल धरलं.

"मेन स्विच बंद आहे आई!"

"मग पडशील!"

"तू सोडलंस तर पडेन!"

व्हिडिओ बघबघून तिने पाइप जोडले. प्रत्येक आट्यावर एवढी पांढरी टेप गुंडाळली, की पंपाला प्लॅस्टर घातल्यासारखं दिसायला लागलं. मग मेन चालू करून पंपाचा स्विच दाबला. घुंऽऽऽ! आईने हौसेने शॉवर उघडला आणि किंचाळली, "अगं बाई! अंघोळ आहे की आगीचा बंब!"

डिप्लोमा खिशात! आईने ओल्या केसांनी शॉवर बंद केला.

घुंऽऽऽ.

"बंद केलास ना?"

"केला!"

घुंऽऽऽ. पंप थांबायचं नाव घेईना! आकांक्षा माळ्यात डोकं घालून ओरडली, "बेसिन?"

"बंद!"

"फ्लश? वॉशिंग मशीन?"

"सगळं बंद गं!"

"आजी, तू पाणी वापरतेयस का?"

मागच्या गॅलरीतून कांताआजीचा खणखणीत आवाज आला, "नाय गो बाय! मी खय वापरतंय?"

म्हणजे गळती! आकांक्षाने भिंतींना कान लावले. सगळे जोड पुन्हा आवळले. व्हिडिओतला माणूस म्हणाला, हवा अडकली असेल. तिने हवा काढली. हवेबरोबर पाणीही निघालं, थेट तिच्या नाकात. पंप आपला घुमतोच आहे, भजनाला बसल्यासारखा! कॉमर्स जिना चढून वर येतंय असं तिला दिसायला लागलं.

आणि अचानक घर्र घर्र घर्र! पंप कोरडा पडला. तिने झडप घालून स्विच बंद केला.

गॅलरीचं दार उघडलं. पदर खोचून, घाम पुसत आजी आत आली. "गेला पाणी," ती समाधानाने म्हणाली. "पण माझा सगळा भरून झाला हा!"

आकांक्षाने गॅलरीत डोकावलं. निळं पिंप भरलेलं. कळश्या, टोप, बादल्या, कुकर, गणपतीतला मोदकांचा चाळणीवाला टोपसुद्धा, अर्थात चाळणी काढून!

"आजी! तू म्हणालीस पाणी वापरत नाहीयेस!"

"वापरतंय खय? भरून ठेवतंय! मोटार सुरू झाली म्हणजे पाणी इला. चाळीत पन्नास वर्सा भरलंय मी!"

"अगं, तू नळ उघडलास म्हणून मोटार चालू होती!"

"आणि मोटार चालू होती म्हणून मी नळ उघडलंय!"

पण कोरड्या पंपाचं कोडं अजून सुटलं नव्हतं. परबांचं एक पिंप भरलं म्हणून टॉवरची टाकी कशी संपेल?

"एकटाच भरूचा बरा दिसता काय?" आजी म्हणाली. "खालच्या बकुळाक फोन केलंय, मोटार लागली म्हणून. तिने बाकीच्यांका केल्यान."

झालं! रामजी चाळीतली एकूण एक म्हातारी पाइप लावून भरत बसली होती!

बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत काका, टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर शाम्पूचा फेस. "टाकी रिकामी! माझ्या डोळ्यात जातंय! कोणी काय केलं?" त्यांच्यामागे रिकाम्या बादल्या घेऊन खालचे लोक, आणि सगळ्यात मागे, साखरपुड्याच्या इस्त्रीच्या शर्टात, पप्पा.

आजीने शांतपणे पहिली बादली काकांपुढे ठेवली. "घेवा. म्हणान भरून ठेवचा असता."

आकांक्षाने मान खाली घालून सगळं सांगितलं. "पण पप्पा, पंप बरोबर बसलाय. नळ चालू होता म्हणून तो थांबला नाही. त्याने नियम पाळला!"

काकांनी डोळे धुतले, माळ्यावरचं ते पांढरं प्लॅस्टर निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अजितराव, हिला डिप्लोमाला घालाच!"

आकांक्षाचा चेहरा उजळला. "खरंच काका?"

"मग काय! बिनशिकलेल्या हाताने ही अख्खा टॉवर कोरडा करते. शिकवून तरी आवरते का बघू!"

बादल्यावाल्यांनी एकमुखाने माना डोलावल्या. पप्पांनी हात जोडले. "मंजूर. पण डिप्लोमा हातात येईपर्यंत या घरात बाई, तू नळसुद्धा उघडायचा नाहीस. कोणीतरी उघडून देईल."

आकांक्षा जिंकली होती! उड्या माराव्यात की तोंड लपवावं, हे तिला कळेना. त्या गोंधळात तिने काकांची भरलेली बादली उचलली आणि त्यांच्या मजल्यापर्यंत पोचवायला लिफ्टचं बटण दाबलं.

"जिन्याने, बाळ," सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्टमध्ये पाणी सांडतं."