फाटकाजवळचा अर्जदार

आमचे कांबळे काका रोज सकाळी साडेसहाला सोसायटीला लागून असलेल्या पालिकेच्या बागेतल्या झाडांची हजेरी घेतात. थट्टा नाही, खरोखरची हजेरी. हातात वही, कानावर पेन्सिल. "करंज!" म्हणायचं, बुंध्याकडे बघायचं, वहीत खूण करायची. "कडुनिंब!" पुन्हा खूण.

येरवड्यात नव्याने राहायला आले त्या पहिल्याच सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत मी हे ऐकलं आणि उडालेच. वाटलं, कुत्र्याला हाका मारताहेत. एवढ्यात ते माझ्यासमोर येऊन थांबले. "आपण कोण? आपली नोंद नाही."

आता बोला! नऊ लाखांचं कर्ज काढून घर घेतलं आणि ह्यांच्या वहीत माझी नोंद नाही!

काकांची सगळी नोकरी भूमापन कार्यालयात गेली. अक्षर मोत्यासारखं, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर औषध एकच: "आवक क्रमांक घेतलात का?" नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद, माझा प्रोजेक्ट रखडला, सगळ्याला हेच. "एकदा अर्जावर आवक क्रमांक पडला, की कुणी हात लावू शकत नाही," असं ते म्हणत. मी मनात म्हणायची, काय पण श्रद्धा!

हजेरीत एकच गोष्ट मला खटकायची. फाटकाजवळ मोठा गुलमोहर आहे, त्याचं नाव ते कधीच घेत नसत. त्याच्यापाशी आले की मान खाली घालून पुढे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "परदेशी आहे. मादागास्करचा." मला धक्काच बसला. गुलमोहर परदेशी? शाळेतल्या निबंधात मी त्याला चक्क 'आपला' लिहून मार्क घेतलेत!

मग एके दिवशी फाटकावर सूचना लागली. बागेची देखभाल निसर्गाला धरून कशी करायची, याचा आराखडा ठरणार होता आणि नागरिकांकडून लेखी सूचना हव्या होत्या. छापील फॉर्म आले. ते घेऊन क्रमांक टाकायचं काम अर्थातच काकांनी अंगावर घेतलं. आमच्या शेजाऱ्यांनी काय काय लिहावं? एकाला गाण्यावर नाचणारं कारंजं हवं होतं. एका बाईंनी लिहिलं, झाडं जरूर असावीत, पण पानं गाळणारी नसावीत. मी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. उद्यान अधिकारी म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म उचलला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. "अर्जदार, कडुनिंब. वय, अंदाजे तीस. लावणाऱ्याचं नाव... बहुधा बुलबुल. म्हणणे: माझी पाने जाळू नयेत, माझ्याच बुंध्याशी कुजू द्यावीत."

बाईंनी दुसरा फॉर्म उचलला. अर्जदार, उंबर. तिसरा, करंज. एकूण त्रेचाळीस अर्ज, 'लावणाऱ्याचं नाव' हा रकाना हाताने आखलेला, सगळे मोत्यासारख्या अक्षरात!

"अर्जदार हजर आहेत का?" बाईंनी विचारलं. मला वाटलं, आता ह्या चिडल्या.

काका उभे राहिले. "हजर आहेत. जागा सोडून येता येत नाही. आपण तिकडे यावं."

आणि अहो, त्या गेल्या की! मागोमाग सगळी सोसायटी, चपला फटफटवत. झाडागणिक सुनावणी झाली. पालापाचोळा खड्ड्यात टाकायचा, मागचा कोपरा झाडायचा नाही, फवारणी बंद. काकांचं सगळं मंजूर होत होतं. शेवटचा मुद्दाही त्यांचाच होता: परदेशी झाडं टप्प्याटप्प्याने काढून देशी लावावीत.

"म्हणजे सुरुवात फाटकाजवळच्या गुलमोहरापासून," बाई म्हणाल्या.

आम्ही कुरकुरलो. सावली आहे, राहू द्या की.

"मीच लिहून दिलंय," काका म्हणाले. "नियमाला नातंगोतं नसतं. काढा." आणि वही मिटून घरी निघून गेले.

हरकत घ्यायला शनिवारपर्यंत मुदत होती. मी बाग झाडणाऱ्या सखूबाईंना म्हटलं, "किती कोरडा माणूस हो!"

सखूबाईंनी झाडू खाली ठेवला. "ताई, ते झाड काकूंनी लावलेलं हाय. नळ नव्हता तवा घरनं कळशी आणून घालायच्या पाणी. त्या गेल्या आन् काकांनी त्याचं नाव घ्यायचं टाकलं."

मी तिथल्याच बाकावर बसले. इतकी वर्षं मी ह्या माणसाला हसत होते! स्वतःचाच इतका राग आला की कंपनीची बस गेली तरी उठले नाही.

त्या संध्याकाळी काकांसारखाच रकाना आखून फॉर्म भरला. अर्जदार, गुलमोहर. म्हणणे: मी परदेशी खरा, पण आयुष्यभर इथलंच पाणी प्यालो. मला आपोआप पडेपर्यंत राहू द्यावे. मग माझ्या जागी देशी झाड लावावे. सोसायटीतल्या सव्वीस जणांनी खाली सह्या केल्या, पानं नको असलेल्या बाईंनीसुद्धा.

शनिवारी काका बागेत टेबल मांडून बसले होते. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"अर्ज अपुरा आहे."

माझा पारा चढला. "आता काय राहिलं?"

"वय कोरं सोडलंय. बावीस वर्षं, चार महिने." त्यांनी ते स्वतः लिहिलं. पेन्सिल पुढच्या रकान्यावर आली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"हे आपण लिहा. माझं अक्षर आज नीट येत नाहीये."

मी पेन्सिल घेतली. 'लावणाऱ्याचं नाव'.

"शालन," काका म्हणाले. "शालन कांबळे."

मी लिहिलं. त्यांनी कागद परत घेतला, कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला आणि फाटकाकडे बघत म्हणाले, "पडला क्रमांक. आता कुणी हात लावू शकत नाही."

ते मला म्हणाले नव्हते.