ढिल्या इलास्टिकचे शब्द

बाबांचा शेवटचा रविवार इतर रविवारांसारखाच सुरू झाला. त्यांची नात ठमी पुस्तक घेऊन बसली होती. अक्षरं तिला सगळी यायची; घोडं अडायचं ते जोडण्यात.

"ब... द... क," तिने बोट ठेवत वाचलं.

"मग काय झालं?" आईने विचारलं.

"क!"

शेवटचं अक्षर येईपर्यंत पहिली दोन कुठे पसार व्हायची कोण जाणे. सोमवारी वर्गात एक ओळ मोठ्याने वाचायची होती. मागच्या खेपेला मुलं हसली, तेव्हापासून ठमी पुस्तक गादीखाली दडवायची.

आई ग्रंथपाल. लहानपणी तिला बाबांनीच चिंध्यांवर खडूने अक्षरं काढून शिकवलं होतं. पण वाचनाची गोडी कशी लागली असं कुणी विचारलं, की ती शाळेचं नाव पुढे करायची. आता तिने रंगीत तक्ते आणले होते.

"बाबा, तुम्ही यात पडू नका. याचं एक शास्त्र असतं," असं बजावून ती बाजारात गेली.

बाबांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं होतं. गप्प बसणं त्यांना जमायचं, हात बांधून बसणं नाही.

ती परतली तेव्हा दारात तिचा नवरा एका हाताने पार्सल आणि दुसऱ्या हाताने पायजमा सांभाळत उभा होता. "इथे सही करा," पार्सलवाला म्हणाला. सही झाली, पायजमा गेला. पार्सलवाल्याने सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"बाबा!"

आत आजोबा आणि नात जमिनीवर फतकल मारून बसले होते. भोवती घरातले झाडून सगळे पायजमे, आणि त्यांतून ओढून काढलेली इलास्टिकं. प्रत्येकावर शाईने एक शब्द.

"अहो बाबा, शिलाई मशीनच्या खणात नव्या इलास्टिकची गुंडाळी पडलीय!"

"नवं हट्टी असतं गं, फटकन आखडतं. वापरलेलं कसं सावकाश परत येतं. दाखव गं ठमे."

ठमीने इलास्टिक ताणलं. अक्षरं लांब गेली. "ब... द... क." मग हात हळूहळू जवळ आणले. "ब..द..क... बदक! आई, बदक!"

आई नकळत खाली बसली. पुढचा शब्द काय, हे तिलाही बघायचं होतं. तेवढ्यात आतून नवऱ्याची हाक आली, "घरात एखादी नाडी आहे का?"

"एका शब्दाला एक पायजमा?" ती उठत म्हणाली.

"शाई निघत नाही ना. संध्याकाळी ओवतो नाड्या."

"कमाल आहे तुमची!" एवढंच ती बोलली, तेही रागाने.

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले. नाड्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी आई पहिल्यांदा कामावर निघाली. ठमी शाळेला निघाली होती. वर्गात वाचायची ओळ तिची अजून बाकी होती. उंबऱ्यापाशी आईच्या पँटने साथ सोडली.

"ठमे! यातलंही?"

ठमीने मशीनच्या खणातून इलास्टिक आणलं. "हे शेवटचं. आजोबा म्हणाले, लांबलचक आहे, जमेल तेव्हा वाच."

तिने ते ताणलं. "आ... ई... रा... गा... वे... ल." हात सावकाश जवळ आले. "आई... रागावेल." ती स्वतःच चमकली. "आई, मी वाचलं! आज वर्गात हेच वाचू?"

आई एका हाताने पँट धरून मशीनसमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे वळली.

"नाही रागावले, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मलाही वाचायला तुम्हीच शिकवलंत."