निकमकाकांचा तंबू

निकमकाका टपरीवर चहा सांगायचे तो नेहमी एक कप जास्त. दोघं असलो तर तीन, तिघं असलो तर चार. जास्तीचा कप खुद्द टपरीवाल्याचा. "आधी तुम्ही घ्या, मालक," असं म्हणून ते त्याच्या हातात कप द्यायचे आणि पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. टपरीवाल्याला वाटायचं, काय दिलदार गिऱ्हाईक आहे. तो बिचारा खूश होऊन आमच्या चहात जास्तीचं आलं ठेचून टाकायचा. मग काका मला बाजूला घेऊन सांगायचे, "आलं जास्त टाकलं, बघितलंस ना? यात गोम आहे. दूध नासायला आलेलं असणार."

'यात गोम आहे' हे त्यांचं पालुपद. पेपरवाला वेळेवर आला, गोम आहे. कोणी दिवाळीला फराळाचं ताट शिगोशीग भरून पाठवलं, नक्कीच गोम आहे. आम्ही नाशिकरोडला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला दारातच विचारलं, "बदली झाली की मागून घेतली?" मागून घेतली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढचे दोन महिने ते माझ्याकडे तिरक्या नजरेनेच बघत होते. नाशिकरोडला आपणहून कोण येतं, असा त्यांचा सवाल होता.

काकांची नोकरी सगळी एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये. काटा हलला की संशय, नाही हलला तर जास्त संशय. ती सवय निवृत्तीबरोबर सुटली नाही. कोणाच्याही घरी गेला की हा माणूस आधी वर बघायचा. यजमान 'या, बसा' म्हणत असायचे आणि काका छताचं निरीक्षण करत असायचे. "हा पंख्याचा हूक कोणी टाकला? गवंडी कुठला होता?" मग स्वतःची आणि काकूंची खुर्ची उचलून दाराजवळ नेऊन ठेवायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये वास्तुशांतीला त्यांना बोलवावं की नाही, यावर बायकांत चर्चा व्हायची.

काकू अगदी उलट्या. हळू बोलणाऱ्या, हळू हसणाऱ्या. नवरा वर बघत असला की त्या खाली बघत बसायच्या. आम्हाला वाटायचं, लाजेनं.

माझ्या बायकोला, सुनंदाला, मात्र एक गोष्ट अजिबात सहन होत नव्हती. तळमजल्यावरच्या त्यांच्या घराला मागे पत्र्याची पडवी होती. बारा महिने काका-काकूंच्या खाटा तिथे. आत चांगली बेडरूम, तिच्यात काकांनी कांदे पसरून ठेवले होते. विचारलं तर म्हणायचे, "चोर मागूनच येतो. पडवीत माणूस हवंच."

"बायकोला राखणीला झोपवतात," सुनंदा म्हणायची. "थंडीत कुडकुडतात हो त्या. काहीतरी वेगळंच आहे या घरात." म्हणजे गोम आता आमच्याही घरात शिरली होती.

दर मे महिन्यात दोघं त्यांच्या जुन्या ओम्नीतून निघायचे. काकूंचं माहेर सटाण्याजवळ. नाशिकहून सकाळी निघालेला माणूस जेवायला तिथे पोचतो. काकांना आठवडा लागायचा. आधी उलट्या दिशेला घोटी, तिथून फिरत पेठ, सुरगाणा, मग कळवण, आणि सगळ्यात शेवटी सटाणा. गाडीच्या टपावर ताडपत्रीचा तंबू, मागे स्टोव्ह, तांदळाचा डबा, दोन घागरी. मुक्काम कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे देवळामागे, कुठे कोणाच्या आंब्याखाली. लॉजवर कधीच नाही. "लॉजच्या उशीवर कोणाकोणाची डोकी पडली असतील, कोण जाणे. शिवाय खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते, कधी विचार केलायस?" केला नव्हता. त्यांनी विचारल्यापासून मात्र मला लॉजवर नीट झोप लागलेली नाही.

माहेरी पोचल्यावरही तंबू अंगणातच. मेहुण्याच्या घरात पाऊल टाकायचे, जेवायचे, वर बघायचे आणि झोपायला बाहेर. पूर्वी हे खपून जायचं, कारण उन्हाळ्यात त्या भागात सगळं गावच अंगणात झोपतं. पण त्या वर्षी काकूंच्या धाकट्या भावाने, आप्पांनी, नवं घर बांधलं. जुन्या जागेवर पक्कं, स्लॅबचं. आणि एप्रिलमध्ये आमच्या घरी फोन आला. काकांनी घरात फोन घेतला नव्हता. न बघता कोणाशी बोलायचं, हे त्यांना पटायचं नाही.

"साहेब, निरोप द्या," आप्पा म्हणाले. आवाज शांत होता, पण ताणलेला. "ताईसाठी वेगळी खोली काढली हाय. कूलर बसवला हाय. दाजींना म्हणावं, यंदा घरात झोपणार असाल तर या. अंगणात तंबू गाडायचा असंल तर येऊ नका. गाव मला विचारतं, तुझ्या दाजीला तुझ्या घराचा काय इटाळ हाय का? पुन्हा तंबू दिसला तर ताईचं माहेर संपलं."

मी निरोप जसाच्या तसा दिला. काका म्हणाले, "कूलर बसवला? यात गोम आहे." काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

त्या संध्याकाळी सुनंदाने जाहीर केलं की या खेपेला आपणही जायचं. "ह्या माणसाच्या संशयापायी काकूंचं माहेर तुटलं तर मला अन्न गोड लागणार नाही." काकांना आमचा बेत कळला तेव्हा त्यांनी अर्थातच विचारलं, "अचानक कसं काय?" पण काकूंनी 'येऊ द्या' म्हटलं आणि आम्ही आमची गाडी त्यांच्या मागे लावली.

मला कबूल केलं पाहिजे, प्रवास झकास झाला. काका गाडी अशी चालवायचे की बैलगाडीवाले आम्हाला हात दाखवून पुढे जायचे. घोटीच्या बाजारात त्यांनी तांदूळ घेतला तो तीन दुकानांत दाताखाली फोडून. पेठच्या पुढे एका पाड्यावर शाळेच्या पटांगणात तंबू ठोकायला लागलो तर एक म्हातारा काठी टेकत आला. त्याने आमच्या दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली, टायर बघितले, मग काकांसमोर उभा राहिला.

"कुठलं तुमी?"

"नाशिकचे."

"मंग हितं कशाला? हितं बघायसारखं काय नाय."

"म्हणूनच आलो," काका म्हणाले.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "लय गोड बोलता. शेळ्या-बिळ्या नेणारे नाय ना?" आणि त्याने खरोखरच काकांच्या ओम्नीचं दार उघडून आत वास घेतला. सुनंदा चिडली. काकांचा चेहरा मात्र असा फुलला की विचारू नका. "हा माणूस भरवशाचा," ते मला म्हणाले. "पहिल्या भेटीत विश्वास ठेवत नाही." त्या दोघांनी मग जेवण होईपर्यंत शेजारी बसून सगळ्या जगावर शंका घेतली. इतकं मनमोकळं बोलताना मी काकांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि काकू. सुनंदाचं सगळं लक्ष त्यांच्याकडे. नाशिकला काकूंच्या डोळ्यांखाली कायम काळं असायचं, सकाळी हाक मारली तर दचकायच्या. इथे त्या तंबूची पुढची बाजू सताड उघडी टाकून झोपायच्या आणि पहाटे चूल पेटवताना चक्क गुणगुणायच्या. तीन दगडांवर केलेली त्यांची बाजरीची भाकरी मी आयुष्यभर विसरणार नाही. "नवऱ्याच्या तावडीत राहूनसुद्धा खूश कशा?" सुनंदाने मला विचारलं. तिच्या संशयाची पंचाईत झाली होती.

ती पंचाईत कळवणला संपली. तिथून सटाणा हाकेच्या अंतरावर, आणि काकूच म्हणाल्या, "आजचा दिवस इथंच राहू या." सुनंदाचा तोल गेला. ती काकांना म्हणाली, "काका, तुम्ही त्यांच्याकडून हे वदवून घेताय. माहेरचा एकेक दिवस कापताय त्यांचा. तिकडे भाऊ वाट बघतोय आणि तुम्हाला इथं गोम सापडतेय."

काका नुसते म्हणाले, "हो. मला हा पुढचा रस्ता जरा संशयास्पद वाटतो." रस्ता सरळसोट होता. काकू तोंड फिरवून घागर भरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही पोचलो. आप्पांच्या घराला पिस्ता रंग होता, पुढे मोकळं अंगण आणि पलीकडे डाळिंबाची झाडं. आप्पांनी बहिणीला खोली दाखवायला नेलं. नव्या गाद्या, नव्या चादरी, खिडकीत कूलर. त्यांनी कूलर लावून दाखवला, दिवा लावून-विझवून दाखवला. बोलत होते सगळं कूलरबद्दल, पण नजर दाजींच्या मानेवर. मान वर जाते का, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

मान वर गेली. काका खोलीच्या उंबऱ्यातच उभे होते, अगदी मधोमध. त्यांच्या मागे काकू.

"स्लॅबला पाणी किती दिवस मारलं?" काकांनी विचारलं.

आप्पांच्या हाताची मूठ वळली. तरी त्यांनी उत्तर दिलं. मग काकांनी कोपऱ्यातल्या एका बारीक रेषेकडे बोट केलं. ती रंगाच्या ब्रशची होती, मलासुद्धा कळत होतं. मग सळई कुठली वापरली, ते विचारलं. मग म्हणाले, "माफ करा आप्पा, मला नाही भरवसा वाटत. आम्ही बाहेर झोपतो," आणि सरळ अंगणात जाऊन टपावरून तंबू ओढून खुंट्या ठोकायला लागले.

आप्पा मागोमाग आले. रागाने त्यांची भाषा घरची, अहिराणी झाली. "दाजी, मना घरमा काय खोट शे ते सांगा. सगळा गावना सामने सांगा." कुंपणापलीकडे दोन-चार माणसं थांबलीच होती.

"वाळू," काका म्हणाले. "वाळू मातकट आहे."

हे ऐकून मला स्वतःला काकांना हलवून विचारावंसं वाटलं की तुम्हाला माणूस म्हणावं का. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने बहिणीसाठी खोली बांधली होती आणि दाजी गावासमोर त्यात माती कालवत होते. "उचला तंबू," आप्पा म्हणाले. "ताईले घेईसन जा. पुन्हा येऊ नका."

काकांनी मान डोलावली आणि खाली बसून दोऱ्या गुंडाळायला लागले. भांडण जिंकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा निवांत होता. मला त्याच वेळी पहिल्यांदा शंका आली.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या पायरीवर उभ्या होत्या. भावाशी त्या अहिराणीत बोलल्या, आणि इतक्या हळू की कुंपणापलीकडच्यांना ऐकू गेलं नसेल. मला समजलं ते असं.

"आप्पा, इथं आपलं धाब्याचं घर होतं. पावसात मातीचं छत बसलं तेव्हा तू आईच्या कुशीत होतास, तुम्हा दोघांना लगेच काढलं. मी उजाडेपर्यंत तुळईखाली होते. तोंडात माती होती, हाक मारता येत नव्हती. साधं खरचटलं नाही, म्हणून आई सगळ्यांना सांगत राहिली की कुसुमला काही झालं नाही. मग मीपण कोणाला सांगितलं नाही. पण डोक्यावर छत असलं की मला झोप लागत नाही रे. कोणाचंच छत. तुझं चांगलं आहे. वाळू चांगली आहे."

आप्पांनी वळून नव्या स्लॅबकडे बघितलं.

"लग्न होऊन गेले तेव्हा यांच्या ते लक्षात आलं," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून कुठंही गेलं की मी वर बघायच्या आत हे बघतात. लोक यांना हसतात आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. चहा-दुधाचा संशय यांचा स्वतःचा आहे. छताचा माझा."

सुनंदाने माझा हात घट्ट धरला. ती रडत होती आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. आप्पा पायरीपाशी गेले आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग घरात गेले आणि एकेक करत खाटा बाहेर काढायला लागले. बहिणीची, दाजींची, आमच्या दोघांच्या आणि शेवटी स्वतःची. त्यांची बायको चादरी घेऊन मागून आली. कुंपणापलीकडची माणसं पांगली.

काका मात्र अजून खालीच बसून होते. इतक्या वर्षांत जगातल्या कुठल्याही गोष्टीने हा माणूस गोंधळलेला मी पाहिला नव्हता. आता त्यांना तंबू गुंडाळावा की सोडावा, कळत नव्हतं. काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"कशाला बोललीस?" काका म्हणाले. "मी होतो ना."

"किती दिवस खाल माझ्या वाटच्या शिव्या?" काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातातल्या दोऱ्या सोडवून घ्यायला लागल्या.

काकांनी हातोडी उचलली आणि जमिनीत आधीच पक्की बसलेली एक खुंटी ते मान खाली घालून ठोकत राहिले.