चांगुणाबाई नाव घेत नाहीत

"आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

"न्हाई सांगत."

वडीगोद्रीच्या हायवेवरल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, विमा कार्डाच्या खिडकीपुढं चांगुणाबाईंनी ठाण मांडलं होतं. मोतीबिंदू पिकलेला, मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येणार, आणि आजचा नंबर हुकला तर आणखी महिनाभर भाकरीवरची माशी तीळ समजून खायची पाळी! पण नियम म्हणजे नियम. मागं एकीच्या कार्डावर भलतीनंच डोळा करून घेतला होता. तेव्हापासून अंगठा लावायचा, आणि अंगठा उठला नाही तर आपलं नि नवऱ्याचं नाव पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. चांगुणाबाईंच्या अंगठ्याच्या रेषा कापूस वेचून वेचून कधीच पुसल्या होत्या. यंत्र काही केल्या त्यांना ओळखेना.

सून शालूनं तोंड उघडलं, तशी खिडकीतली आकांक्षा म्हणाली, "तुम्ही न्हाई, पेशंटनं सांगायचं."

"अगं पोरी, पन्नास वर्षं संसार केला, कधी नाव घेतलं न्हाई. आता तुझ्या खिडकीपुढं घेऊ व्हय?"

"मंग उखाण्यात घ्या."

"उखाणा हळदीकुंकवाला असतो. आप्रेशनला कुणी घेतं का? बिलकुल घेणार न्हाई!"

"मंग ऑपरेशनबी न्हाई."

"नको करू! आंधळी मरंन, पण नाव घेणार न्हाई!"

"आत्याबाई, एकदा घ्या ना," शालू रडकुंडीला आली. "मी मामांना सांगणार न्हाई."

आकांक्षानं त्यांना बाकावर बसवलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. तीही चांगुणाबाईंच्याच वयाची. तिचाही अंगठा उठला नाही.

"नाव?"

"प्रभावती."

"नवऱ्याचं?"

"सर्जेराव!" बाईनं बांधावरून हाक मारल्यासारखं सांगितलं.

"बघा आजी, असं सांगायचं," आकांक्षा खूष झाली. "काम कसं जल्दी होतं!"

चांगुणाबाई ताडकन उठल्या. "थांब! ही त्याची बायकूच न्हाई."

"आजी, तुम्हाला दिसत तरी आहे का?"

"ऐकू येतंय की! आमच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव असं फटकन घेती व्हय?" आणि त्या बाईजवळ जाऊन एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "का वं बाई, आज तुमचे मालक न्हाई आले संगं?"

"कापसाला पाणी देऊन राह्यले."

"काय म्हन्तात त्यांना?"

बाईनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि लाजून म्हणाली, "अगं बाई, त्यांचं नाव कसं घेऊ?"

खिडकीपुढं एकच हशा पिकला. बाईनं जीभ चावली. कार्ड शेजारणीचं निघालं. तिचं स्वतःचं कार्ड काढायला तिला समोरच्या टेबलावर पाठवलं. गलका ऐकून मोठे डॉक्टर बाहेर आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी चांगुणाबाईंना लेकरांची नावं विचारली. त्यांनी कार्डावरची सहाच्या सहा एका दमात सांगितली.

"एवढी लेकरं कुणाची, ते आता तुम्हीच वळखा!" त्या ठसक्यात म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "घ्या आजींना आत."

संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधून चांगुणाबाई खिडकीवरून निघाल्या. आत आकांक्षा फोनवर बोलत होती. "कल्याण, जेवलास का रे? कल्याण, ऐकतोस ना?"

चांगुणाबाई थबकल्या. "कल्याण कोण?"

"माझे मिस्टर, आजी."

चांगुणाबाईंनी उघड्या डोळ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मागं वळून हाक मारली.

"डॉक्टरसायेब! हिचंबी कार्ड एकदा बराबर तपासून घ्या!"