तुळईखालची सुबारू

गाडी कोठाराबाहेर येणार नाही हे लॉर्ना थिबोच्या पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं. तिच्या नवऱ्याला, आल्डनला, वीस मिनिटं लागली, कारण त्याला ते लक्षात घ्यायचंच नव्हतं.

"थांब, जरा मागे घेतो आणि सरळ आणतो," खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला.

"सरळ आणल्यावर काय होईल? बुटकी होईल ती?"

आल्डन उतरला. दारावरच्या जाडजूड तुळईकडे त्यानं पाहिलं, मग गाडीच्या टपाकडे, मग परत तुळईकडे. खिशातून मोजपट्टी काढून त्यानं दोन्ही मापं घेतली. मग मोजपट्टीच्या उलट्या बाजूनंही घेतली.

"तीन इंच," तो पुटपुटला. "फक्त तीनच इंच जास्त आहे."

"फक्त?"

गाडी लॉर्नाची होती. हिरवी, एकोणतीस वर्षांची, लांब डिकीची सुबारू. कधी कुरकुर केली नव्हती बिचारीनं. घरासमोरच्या अंगणात आणखी तीन जुन्या सुबारू बर्फाखाली निजलेल्या होत्या. एकीला इंजिन नव्हतं, दुसरीला दारं नव्हती, आणि तिसरी शेजारच्या फिस्क नवराबायकोची होती. ती गेल्या सप्टेंबरात 'दोन दिवसांसाठी' दुरुस्तीला आली होती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आल्डनला दुसरा छंद नव्हता. लॉर्नानं तो सहन केला होता, तो एकाच अटीवर: माझ्या गाडीला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीभर त्यानं हातच लावला होता. लॉर्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. तिला स्टिअरिंगचं किरकोळ काम सांगून त्यानं गाडी कोठारात घातली आणि आतून कडी लावून घेतली. उंच स्प्रिंगा बसवल्या, मोठे टायर चढवले, टपावर दोन भक्कम आडव्या दांड्यांचं कॅरिअर वेल्डिंग करून पक्कं केलं. जुनी चाकं कुणाच्या तरी बोटीच्या ट्रेलरला देऊनही टाकली. प्रत्येक वस्तू दोनदा मोजून बसवली होती. दार तेवढं मोजायचं राहिलं.

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं," तो म्हणाला. "एप्रिलात बघ, चिखलातून राणीसारखी जाशील."

"मला एप्रिलात नाही जायचंय, आल्डन. मला आत्ता जायचंय."

मार्चचा पहिला मंगळवार होता, म्हणजे गावसभेचा दिवस. नऊ वाजता सभा सुरू होणार होती आणि पहिल्या अर्ध्या तासात गावचा रस्तेप्रमुख निवडला जाणार होता. बावीस वर्षं ते काम हार्लन कॉबकडे होतं. यंदा लॉर्ना उभी राहणार होती. कारण साधं होतं. त्यांच्या टेकडीवरचा रस्ता दरवर्षी बर्फ वितळलं की विरघळायचा. गेल्या वसंतात लॉर्ना एकोणीस दिवस दीड मैल चिखल तुडवत शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेली होती, चांगले बूट पिशवीत घेऊन. विसाव्या दिवशी एक बूट चिखलातच राहिला, आणि तिनं तिथेच एका पायावर उभं राहून ठरवलं होतं की पुढच्या वर्षी आपण निवडणूक लढवायची. त्यासाठी हिवाळाभर तिनं घरोघर डोनट वाटले होते.

आणि आता साडेआठ वाजत आले होते.

"कॅरिअर काढ," ती म्हणाली.

"वेल्डिंग आहे."

"काप मग."

"कापायचं यंत्र मेहुण्याकडे आहे." मेहुणा, म्हणजे लॉर्नाचाच भाऊ, चाळीस मैलांवर राहायचा. "हवा सोडू या टायरमधली. इंचभर तरी खाली येईल."

इंचभर आली. उरले दोन. आल्डननं कोंबड्यांच्या खाद्याची चार पोती डिकीत टाकली. गाडीनं अर्धा इंच मान खाली घातली.

"वजन हवं," आल्डन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली, जी पाहिली की लॉर्ना दोन पावलं मागे सरायची. "माणसं हवीत. चांगली धष्टपुष्ट."

नेमके त्याच वेळी फिस्क नवराबायको पायवाटेनं येताना दिसले. त्यांची गाडी आल्डनच्या अंगणात पडून असल्यामुळे सभेला ते लॉर्नाबरोबरच जाणार होते. ड्वाइट फिस्क गायी पाळायचा आणि दिसायलाही त्यांच्यातलाच एक वाटायचा. बर्निस त्याच्याहून दोन बोटं उंच आणि बरीच रुंद होती. भुकेला माणूस ज्या नजरेनं पावाकडे पाहतो, त्या नजरेनं आल्डननं त्यांच्याकडे पाहिलं.

"बर्निस, तुझं वजन किती गं?" त्यानं विचारलं.

"आल्डन!" लॉर्ना ओरडली.

"विचारू दे की, मला काय त्याचं," बर्निस म्हणाली. "पण सकाळी सकाळी का?"

सगळं ऐकल्यावर ती इतकी हसली की तिला दाराला टेकावं लागलं. पण दोघंही मागच्या सीटवर बसायला तयार झाले. कोठाराच्या आतल्या बाजूला ऐसपैस जागा होती, तिथे ते चढले. गाडी आणखी खाली बसली.

"पाऊण इंच राहिला!" आल्डन मोजपट्टी नाचवत म्हणाला. "फक्त एक माणूस! लॉर्ना, तू बस."

"मी पाऊण इंचाची नाही," लॉर्ना म्हणाली. ती काडीसारखी होती, वजन काय ते हाडांचंच.

इतक्यात रस्त्यावर गावचा नारिंगी ट्रक थांबला आणि त्यातून हार्लन कॉब उतरला. सहासष्ट वर्षांचा, लाकडी पिंपासारखा माणूस. त्यानं टोपी मागे सरकवली आणि कोठाराकडे बराच वेळ पाहिलं. आधी तुळई पाहिली, मग गाडी, मग दारासमोरची जमीन.

"अडकलात वाटतं," तो म्हणाला.

लॉर्नाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अख्ख्या गावात आज ज्याच्यासमोर हसं व्हायला नको होतं, तो हाच माणूस. "काही नाही, चाललंय आमचं," ती म्हणाली.

"चल, सोडतो तुला सभेला. ट्रकमध्ये एक सीट आहे."

प्रतिस्पर्ध्याच्या ट्रकमधून, त्याच्या शेजारी बसून, सगळ्या गावादेखत उतरायचं? "नको," लॉर्ना म्हणाली. "माझी गाडी आहे."

"हार्लन," आल्डन मध्येच बोलला, "तू दोन मिनिटं पुढच्या सीटवर बसशील का?"

लॉर्नाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं आल्डनला पोटात घ्यावं. हार्लननं पुन्हा एकदा दारासमोरच्या जमिनीकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "बसतो की. एका मिनिटाचं काम आहे."

तो बसला. गाडीनं सुस्कारा सोडला आणि कॅरिअर तुळईच्या केसभर खाली आलं. आल्डन स्टिअरिंगवर बसला. बर्निस मागून ओरडली, "कुणी श्वास सोडू नका रे!" आणि सुबारू इंच इंच पुढे सरकू लागली.

टपाचं नाक बाहेर आलं. कॅरिअरची पहिली दांडी तुळईखालून सुटली. लॉर्नानं टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि नेमकी त्याच क्षणी पुढची चाकं दारासमोरच्या बर्फाच्या उंचवट्यावर चढली. छपरावरून टपकलेलं पाणी तिथे हिवाळाभर गोठत होतं. पुढची बाजू वर उचलली गेली आणि 'खड्डक' असा आवाज झाला.

तुळई कॅरिअरच्या दोन दांड्यांच्या मधोमध बसली होती, घट्ट, एखाद्या खोबणीत बसावी तशी. आल्डननं पुढे रेटलं, मागची दांडी अडली. मागे घेतलं, पुढची अडली.

"सगळे उतरा," लॉर्ना म्हणाली.

आल्डननं त्याच्या बाजूचं दार उघडलं. ते चार बोटं उघडलं आणि दाराच्या खांबाला आपटलं. हार्लनचंही तसंच. मागच्या दारांना दोन्हीकडून आल्डनच्या संग्रहानं कवटाळलं होतं: इंजिनं, गिअरबॉक्स, सायलेन्सर, आणि कशाचे आहेत हे त्यालाही माहीत नसलेले काही भाग. डिकीचं दार छताला लागत होतं, आणि आत चार पोती होती. बर्निसनं खिडकीतून निघायचा प्रयत्न केला आणि कोपरापर्यंत यशस्वी झाली.

"आता?" ड्वाइटनं विचारलं.

"आता विचार करू," आल्डन म्हणाला.

"तू नको रे," बर्निस म्हणाली. "तुझा विचार झालाय करून."

लॉर्नानं घड्याळ पाहिलं. नऊला आठ कमी. आपल्याला मत देणारी दोन माणसं आणि न देणारा एक, तिघंही एकाच गाडीत कोंबलेले. नवरा चौथा, आणि या क्षणी त्याचं मत तिला नकोच होतं. गाडीच्या टपावर एक बुक्की मारावी असं तिला वाटलं, पण टप उंच होता. तेही आल्डनचंच कर्तृत्व.

काचेच्या फटीतून हार्लनचा हात बाहेर आला. बोटात किल्ली लटकत होती.

"ट्रक घेऊन जा," तो म्हणाला. "उशीर करू नकोस."

"तुला इथे असं सोडून? आज?"

"अगं, हीटर चालू आहे, बर्निसकडे बिस्किटं आहेत. चांगलं चाललंय आमचं. तिथून दोनचार माणसं पाठव. जा."

लॉर्ना निघाली. ट्रक चालवताना तिला एकाच वेळी चोरी केल्यासारखं आणि बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि ते दोन्ही वाटतंय म्हणून आणखी चीड येत होती.

सभागृहात सव्वाशे माणसं लोकरीच्या टोप्या मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या टेबलावर बीन्सची भांडी वाफाळत होती. ती शिरली तेव्हा अध्यक्ष विचारत होते, "रस्तेप्रमुख. हार्लन कॉबचं नाव आहेच. हार्लन? हार्लन कुठाय?"

लोकांनी माना वळवल्या. बावीस वर्षांत हार्लन कधी गैरहजर नव्हता.

"काम नको असेल त्याला," कोणीतरी म्हणालं.

लॉर्नाला फक्त गप्प बसायचं होतं. एक मिनिट गप्प. एकोणीस दिवसांचा चिखल तिच्या डोळ्यांपुढून गेला, तो हरवलेला बूटही गेला. मग ती उभी राहिली, कारण गप्प बसणं तिला लहानपणापासून जमलेलं नव्हतं.

"हार्लन आमच्या कोठारात आहे," ती म्हणाली. "माझ्या गाडीत. वजन म्हणून."

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला.

"वजन म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं.

"आल्डननं गाडी उंच केली. म्हणून ती खाली करायला माणसं बसवली. आता ती दारात अडकलीय. ड्वाइट, बर्निसही आत आहेत. हार्लनला यायचं होतं, मी खोटं सांगत नाही. त्यानंच मला ट्रक दिला. कुणीतरी जॅक आणि कुदळ घेऊन चला, आणि निवडणूक तासभर पुढे ढकला."

सगळ्यात आधी हसली ती पहिल्या रांगेतली ग्रंथपाल बाई. मग ते हसू लाटेसारखं मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. कोणीतरी उठून म्हणालं, "गावचे रस्ते मोकळे करणारा माणूस कोठाराच्या दारात अडकलाय! मी लॉर्नाचं नाव सुचवतो. निदान ही बाहेर तरी आहे!" पुढे ढकलायचं कुणी ऐकेचना. हात वर झाले. मोजायचीही गरज पडली नाही.

कुदळी आणि जॅक घेऊन सहा माणसं लॉर्नाबरोबर टेकडीवर आली. त्यांनी बर्फाचा उंचवटा फोडला. पुढची चाकं खाली बसली, कॅरिअर तुळईपासून सुटलं, आणि दहा मिनिटांत सुबारू उन्हात उभी राहिली. चौघं पाय झटकत उतरले. बर्निसच्या मांडीवर बिस्किटांचा रिकामा पुडा होता.

लॉर्ना हार्लनसमोर गेली. तिला हे कसं सांगायचं ते कळेना. "हार्लन, माझा यात काही हेतू नव्हता. मी त्यांना सांगितलं, थांबा म्हणून. पण त्यांनी मला निवडलं."

"एकमतानं?"

"जवळपास."

हार्लननं डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं, हे लॉर्नाला उशिरा कळलं.

"सात वर्षं नको म्हणतोय मी," तो म्हणाला. "दरवर्षी सभेत उठतो, तोंड उघडायच्या आत लोक टाळ्या वाजवतात. बायको म्हणाली, यंदा जाऊच नकोस. पण न जायला कारण तर हवं ना?"

लॉर्नानं फोडलेल्या बर्फाकडे पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं, जो मागे काठोकाठ वाळूनं भरलेला होता. बर्फावर टाकायच्या वाळूनं.

"तुला तो उंचवटा दिसला होता," ती म्हणाली.

"अगं, बावीस वर्षं दुसरं काय पाहिलंय मी?"

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक जुना, चिकटपट्टी लावलेला फोन काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो लगेच वाजला. लॉर्नानं तो कानाला लावला. पलीकडून एक बाई जोरजोरात विचारत होती की सॉमिल रोडवरची मोरी सकाळीच खचलीय, तर रस्तेप्रमुख आहेत कुठे.

लॉर्नानं मागे वळून पाहिलं. हार्लन आल्डनच्या खांद्यावर हात टाकून स्वयंपाकघराच्या दिशेनं चालला होता, आणि कॉफीत साखर दोन चमचे घाल म्हणून सांगत होता.